मावसभावाचा आठ आणि तुमचा बारा

पत्र थोडक्यात असं आहे. वय ५१, नाशिकच्या सिडकोत घर, सातपूरला कंपनीत शिफ्टची नोकरी. घोरणं जुनंच, पण तिसरी पाळी करून बाईकवर घरी येताना सिग्नलला उभ्या उभ्या डुलकी लागली, मागच्यांच्या हॉर्नने जाग आली, मग घाबरून तपासणी केली. स्लीप स्टडीत तासाला ३८ वेळा श्वास अडतोय, म्हणजे स्लीप अॅप्निया, असं निघालं, सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन) लावून दुसऱ्या रात्री तपासलं तेव्हा १२ प्रेशर लिहून मिळालं. मशीन घेतलं, पण मशीनवाल्याने "ऑटो आहे, ते आपोआप बघून घेतं" म्हणत ४ ते २० वर ठेवून दिलं. सुरुवातीला गुदमरतं, रात्री दोन-अडीचला हवेच्या झोताने जाग येते, मास्क कधी काढून फेकला ते कळतही नाही, सकाळी पोट फुगलेलं. पिंपळगावच्या मावसभावाकडे तसंच मशीन, तो ८ वर झकास झोपतो, त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघत आतलं सेटिंग उघडून ८ करून दिलं. आता सहन होतं, पण सकाळी मशीन तासाला १४ वेळा श्वास अडल्याचा आकडा दाखवतं आणि बायको म्हणते परत घोरायला लागलात, त्यापेक्षा वजन कमी करा आणि हे ऑक्सिजनचं मशीन विकून टाका. प्रश्न असा की ८ ठेवू का १२, १२ म्हणजे माझा आजार मावसभावापेक्षा जास्त का, आणि एकदा सवय लागली की मशीन आयुष्यभर सुटत नाही म्हणतात ते खरं का.

दादा,

तुमचं पत्र वाचताना दोनदा हसलो आणि एकदा पोटात गोळा आला. हसलो कारण सहा वर्षं मी पण मास्क लावून झोपतो आणि मावसभावाने जे केलं तेच मी माझ्या हाताने केलेलं आहे, ते सांगतो पुढे. गोळा आला तो सिग्नलच्या डुलकीचा. आधी तेवढं बोलून घेतो. तुम्ही पत्रात ती गोष्ट ओझरती लिहिलीय, जणू ती आता मागे पडली. नाही पडली दादा. मशीन अजून नीट बसलेलं नाही म्हणजे झोपही पुरी होत नाहीये, तर पुढचे काही दिवस तिसरी पाळी झाल्यावर बाईक नको, कंपनीची बस असेल तर बस नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून या, आणि कसारा घाटातून गाडी घेऊन मुंबईला जायचा तर विचारही नको. प्रेशर ८ का १२ हा प्रश्न आठवडाभर थांबू शकतो, ही गोष्ट आजपासूनच.

मी डॉक्टर नाही हेही सांगून ठेवतो. मी वापरणारा आहे, आणि वापरणाऱ्याला जे कळतं ते एवढंच की या मशीनच्या आकड्यांबद्दल आपल्या डोक्यात जे बसलेलं असतं ते बहुतेक उलटं असतं.

आता वहिनींचं "ऑक्सिजनचं मशीन". त्यांना दोष देत नाही, २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनपायी नाशिकने जे बघितलंय ते कोण विसरेल, तेव्हापासून नाकाला नळी म्हटलं की घरातल्यांच्या छातीत धस्स होतं. पण सीपॅपमध्ये ऑक्सिजन नसतो. तुमच्या बेडरूमची तीच हवा, फिल्टरमधून ओढायची आणि थोड्या दाबाने घशात सोडायची, बास. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय पहिल्यांदा छापून मांडला तेव्हा त्यांचं यंत्र म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फुंकायला लावलेली होती, आणि मास्क तर चेहऱ्याला सिलिकॉनने चिकटवायचे. त्याआधी फार वाईट केस असेल तर गळ्याला भोक पाडायचे. त्या मानाने आपलं बरं चाललंय म्हणायचं. कोविडमध्ये ऐकलेला बायपॅप वेगळा, त्यात श्वास घेताना एक दाब आणि सोडताना कमी दाब असतो. तुमच्याकडे ते नाही आणि तुम्ही आयसीयूचे पेशंटही नाही, हे वहिनींना नीट सांगा.

मग हा दाब करतो काय? तुमचं गाव पिंपळगावकडचं दिसतंय म्हणून सांगतो, लपेटा पाईप डोळ्यासमोर आणा. मोटर बंद असली की चपटा पडलेला, चालू झाली की गोल फुगतो आणि पाणी सुरळीत जातं. आपला घसा झोपेत तसाच होतो, जिभेमागचे स्नायू ढिले पडतात, ज्याचा रस्ता मुळात अरुंद त्याचा पाईप चपटा होतो, हवा जात नाही, दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त, मग मेंदू दचकून उठवतो, घोरण्याचा एक मोठा आवाज होतो आणि परत तेच. तुमच्या रिपोर्टमधला ३८ म्हणजे हे तासाला ३८ वेळा, पूर्ण बंद झालेले आणि अर्धवट बंद झालेले मिळून. याला एएचआय म्हणतात, ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तुमचा आजार किती आहे हे हा आकडा सांगतो.

१२ ते सांगत नाही. १२ म्हणजे तुमचा पाईप गोल राहायला किती दाब लागतो ते, आणि या दोन आकड्यांची सांगड बसतेच असं नाही. ६० एएचआयवाला माणूस ८ वर शांत झोपू शकतो आणि २० वाल्याला १३ लागू शकतं, कारण मानेचा घेर, जबडा, नाक, टॉन्सिल, तुम्ही उताणे झोपता की कुशीवर, सगळं त्यात येतं. आणि रात्र सरते तशी स्वप्नांची झोप वाढते, तेव्हा अंगाचे स्नायू सगळ्यात ढिले असतात, त्यात उताणे असलात तर दाब सगळ्यात जास्त लागतो. तपासणीच्या रात्री जो १२ काढला असेल तो अशा अवघड वेळेलाही घसा उघडा राहावा म्हणून. मावसभावाच्या घशाला ८ पुरतो, तुमच्या नाही. तो द्राक्षवाला आहे ना, त्यालाच विचारा की पिंपळगावच्या सपाट प्लॉटला ड्रिपचं जे प्रेशर ठेवतो ते दिंडोरीकडच्या चढावरच्या प्लॉटला चालेल का. तो स्वतःच नाही म्हणेल.

आणि १२ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो म्हणून घाबरू नका. ते १२ सेंटिमीटर पाणी आहे. उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ १२ सेंटिमीटर आत बुडवा आणि हळूच फुंका, बुडबुडा निघाला की तेवढाच दाब. आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब याच मापात हजाराच्या वर भरतो, म्हणजे हे त्याच्या एक टक्क्याहून जरासं जास्त. घरगुती सीपॅप मशीन साधारण ४ ते २० एवढ्यातच चालतात, १२ काही टोकाचा नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे की त्रास जास्त दाबामुळे होतोय म्हणून दाब कमी केला की त्रास गेला. मला तसं वाटत नाही. तुम्ही १२ वर सलग झोपलेलाच नाहीत! ४ ते २० वर झोपलात, आणि गुदमरलात ते ४ मुळे. ऐकायला विचित्र आहे पण खरं आहे, मोठ्या माणसाला ४ वर हवा कमी पडल्यासारखी वाटते, मास्कवरच्या बारीक भोकांतून उच्छ्वासही नीट बाहेर ढकलला जात नाही, कोंडल्यासारखं होतं, आणि माणूस म्हणतो दाब सहन होत नाही. मी पहिला महिना हेच म्हणत होतो. किमान दाब ४ चा ७ केला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, श्वास घेता येतोय.

मग दोन-अडीचचा झोत. ऑटो मशीन हुशार असतं पण ते मागून धावतं, आधी घसा चपटा व्हायला लागतो, घोरणं सुरू होतं, मग त्याला कळतं आणि ते दाब वाढवत नेतं. तुम्हाला लागतो १२ च्या आसपास आणि ते निघतं ४ पासून, म्हणजे मधल्या वेळात श्वास अडकतच राहतात, मशीन चढत राहतं, वर २० पर्यंत मोकळं रान, तेवढ्यात मास्कच्या कडेने हवा फुस्स करून डोळ्यात जाते, तुम्ही जागे. ४ ते २० हे बऱ्याच ऑटो मशीनवर कारखान्यातूनच आलेलं सेटिंग असतं, ते तुमच्यासाठी कोणी विचार करून ठेवलेलं नाही. मशीनवाल्याने खोका उघडला, प्लग लावला, सही घेतली. माझ्याकडेही असंच झालेलं, राग यायचा तो येऊन गेला.

म्हणून ८ का १२ हा प्रश्नच मला जरा चुकीचा वाटतो. डॉक्टरांना असं विचारा की ऑटोची रेंज अरुंद करून देता का, म्हणजे खालचा आकडा माझ्या गरजेच्या जरा खाली आणि वरचा जरा वर, का सरळ १२ फिक्स ठेवून रॅम्प लावता. रॅम्प म्हणजे सुरुवातीला कमी दाब आणि पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हळूहळू चढत ठरलेल्या आकड्यावर जाणं, झोप लागेपर्यंत बरं पडतं, पण रॅम्पची सुरुवातही ४ वर नको, नाहीतर परत तेच कोंडणं. दुसरं, श्वास सोडताना दाब एक ते तीनने उतरवायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, तुम्ही "श्वास सोडतानाचा रिलीफ" म्हणालात तरी त्यांना कळेल. १२ वर जड जातो तो श्वास घेताना नाही, सोडताना, आणि यानेच अर्धं काम होतं. फक्त काहींना त्यामुळे घसा थोडा कमी उघडा राहतो, म्हणून ते लावल्यावर आकडे परत बघायचे.

पोट फुगतं ते हवा गिळल्यामुळे. दाब उगाच वर गेला, नाक बंद असलं, तोंड उघडं राहिलं की होतं. वरचा आकडा २० वरून खाली आला की बऱ्याचदा आपसूक कमी होतं, कुशीवर झोपून आणि डोकं जरा उंच ठेवूनही फरक पडतो. तरी राहिलं तर डॉक्टरांना हाच त्रास आधी सांगा, कारण काही जण याच एका कारणाने मशीन सोडतात आणि रिपोर्टमध्ये ते कुठेच दिसत नाही.

आता माझं पाप. दुसऱ्या वर्षी माझा सकाळचा एएचआयचा आकडा ६-७ यायला लागला, मला वाटलं दाब अजून थोडा वाढवू, व्हिडिओ बघितला, दोन बटणं एकदम दाबून आतलं पान उघडलं आणि स्वतःच दाब १४ केला. आकडा झाला ११! दाब अजून वाढवला, आकडा १५. तेव्हा मशीनमधलं नोंदींचं कार्ड घेऊन डॉक्टरकडे गेलो तर कळलं की हे नवे श्वास अडलेले नव्हतेच, घसा उघडाच होता पण मेंदूकडून श्वासाची सूचनाच मध्ये मध्ये जात नव्हती. याला सेंट्रल अॅप्निया म्हणतात, काही जणांना दाबामुळेच होतो, आणि त्यावर अजून दाब म्हणजे आगीत तेल. माझ्या मशीनच्या पडद्यावर मात्र दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो. बरं, आधीच्या ६-७ चा खरा दोष माझ्या मास्कच्या कुशनमध्ये होता, जुनं होऊन कडक झालेलं, लीक होत होतं. दाब होता तोच बरोबर होता. हार्टचा त्रास असलेल्यांनी तर हे बटणांचे उद्योग मुळीच करू नयेत.

त्यामुळे दाबाला हात लावायच्या आधी लीक बघा. मास्क कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. फक्त नाकाचा असेल आणि झोपेत तोंड उघडत असेल तर सगळी हवा तोंडावाटे जाते, घसा कोरडा पडतो, आकडा खराब येतो. तोंड उघडतं का हे तुम्हाला नाही कळणार, वहिनींना कळेल. त्या दुसऱ्या खोलीत झोपायला गेल्या असतील तर दोन रात्री परत बोलवा, म्हणावं घोरण्याचा रिपोर्ट पाहिजे, कारण "परत घोरताय" हे त्यांचं वाक्य तुमच्या पूर्ण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. मशीन लावून घोरणं ऐकू येतंय म्हणजे दाब पुरत नाही किंवा हवा गळतेय, तिसरं कारण क्वचितच. मिशा असतील तर (सिडको, ५१, असणारच) नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कची कड त्यावर बसत नाही, एकतर कापा नाहीतर नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क बघा. मास्क बसवताना बसून नाही, आडवं होऊन, मशीन चालू करून पट्टे लावायचे. आणि आवळायचे नाहीत, जास्त आवळलं की कुशन फुगत नाही आणि उलट जास्त गळतं, वर नाकावर वळ. कुशन रोज साध्या साबणाने धुवा, चेहऱ्याला क्रीम लावून झोपू नका.

ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात, डिस्टिल्ड पाणी घाला, मेडिकलमध्ये कॅन मिळतो, नळाच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर बसतो. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की एक नवीनच गंमत होते, पाईपमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज येतो आणि पहाटे नाकावर थेंब. मशीन बिघडलेलं नसतं, गरम ओलसर हवा थंड पाईपमधून जाते म्हणून होतं. पाईप गोधडीखालून घ्या, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, ओलावा एक पॉइंट कमी करा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवा, बॅटरी तोच खातो.

सकाळच्या १४ बद्दल. मशीन लावल्यावर तो ५ च्या खाली पाहिजे, म्हणजे ८ पुरत नाही हे मशीनच सांगतंय. पण ३८ चे १४ झालेत हेही खरंय, म्हणून डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मशीन काढून कपाटात ठेवू नका, लावत राहा, फक्त आठवड्याच्या आत जा. जाताना मशीनमधलं कार्ड न्या, त्यात किती तास लावलं, किती गळलं, दाब कुठपर्यंत चढला, श्वास कोणत्या प्रकारे अडला सगळं असतं. सोबत वहीत रोजची एक ओळ लिहा, किती वाजता जाग आली, काय वाटलं, रात्री पेग घेतला होता का. हो, हे पण, नाशिकमध्ये राहून वाईनला नाही म्हणणं अवघड असतं मला माहितीये, पण दारूने घशाचे स्नायू अजून ढिले पडतात आणि त्या रात्री तोच दाब कमी पडतो, झोपेच्या गोळीचंही विचारल्याशिवाय नको. आणि मावसभावाने ८ केलं हे डॉक्टरांपासून लपवू नका, नाहीतर ते चुकीच्या सेटिंगचा डेटा १२ चा समजून वाचतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आठ-दहा दिवस थांबायचं, एका रात्रीच्या आकड्यावरून काही ठरत नाही. तिसरी पाळी असेल तर दिवसा झोपता तेव्हाही मास्क लावायचा, दुपारी जेवून आडवं झालात तरी. घशाला घड्याळ कळत नाही.

वजनाचं वहिनी चुकीचं बोलत नाहीयेत. पण हिशोब बघा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या अभ्यासात १० टक्के वजन कमी झालं की एएचआय सुमारे पाव भागाने उतरतो असं दिसलेलं, म्हणजे तुम्ही ९० चे ८१ किलो झालात तरी ३८ चे २८-२९ होतील, तेही मध्यमच्या वरच्या टोकाला. आणि ९ किलो उतरवायला किती महिने, तोपर्यंत रोज रात्री काय? शिवाय झोप नाही झाली की भूक वाढते, चालायला जायचा कंटाळा येतो, माझं वजन मशीन लावल्यावरच हलायला लागलं, गंगापूर रोडला सकाळी फिरायला जायची ताकदच त्याआधी नव्हती. दोन्ही करा, मशीन आत्ता, वजन सोबत. बऱ्यापैकी उतरलं की दाबाची गरजही कमी होते, काहींची मशीनची गरजही जाते, पण ते परत स्लीप स्टडी करून ठरवायचं, बरं वाटतंय म्हणून नाही. बीपीची गोळी चालू असेल तर तीही स्वतःहून कमी नका करू, डॉक्टर बघतील.

सवयीचं काय ते सांगतो. घसा मशीनमुळे दुबळा होत नाही. एक रात्र नाही लावलं की परत घोरणं सुरू होतं ते मशीनने लावलेलं व्यसन नाही, ते तुमचं मूळचंच, मशीनने दाबून धरलेलं. लपेटा पाईप मोटर बंद केल्यावर चपटा होतो तेव्हा आपण मोटरला दोष देतो का? हां, नीट झोपलेल्या माणसाला परत ती जुनी रात्र नको वाटते, त्याला सवय म्हणायचं असेल तर म्हणा, मला लागली आहे.

एक करा, आज संध्याकाळपासूनच. मशीन हॉलमध्ये आणा, मास्क लावा आणि अर्धा तास टीव्ही बघा, बोलायचं नाही, तोंड बंद, नाकाने श्वास. चार-पाच दिवस रोज. जागेपणी मेंदूला कळलं की ह्यात कोंडत नाही की झोपेत तो फेकून देत नाही, मी असाच शिकलो. वहिनी हसतील, नातवंडं फोटो काढतील, काढू द्या, फक्त मावसभावाला त्या वेळी मशीनजवळ बसू देऊ नका.